पिस्टन रिंग बसवताना: मारुती ८०० च्या इंजिनावर, मापाने आणि सबुरीने

बाजारातून रिंगचा सेट आणायचा, पिस्टनवर चढवायचा, ठोकून आत घालायचा, हेड बसवायचं आणि चावी फिरवायची. इंजिन सुरू होतंच. रिंग उलटी बसलेली असो, तिच्या दोन टोकांमधला गॅप कमी असो, सिलिंडर घासलेला असो, पहिल्या दिवशी इंजिन सुरू होतं, आणि म्हणूनच या कामातली चूक लपून राहते. ती दिसते महिन्या-दोन महिन्यांनी, सायलेन्सरच्या तोंडाशी निळ्या धुरात. तोवर मजुरी गेलेली असते, गॅस्केट सेट वाया गेलेला असतो आणि तेच इंजिन पुन्हा उतरवावं लागतं.

मी हे काम कोल्हापुरात शिकलो. तिथल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात ब्लॉक बोअर करायला, म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठे करायला, न्यायचा आणि काम होईपर्यंत मशिनशेजारी उभं राहून बघायचं, अशी माझी सुरुवात होती. इथे उदाहरणाला मारुती ८०० चं इंजिन घेतो. १९८३ ला ही गाडी रस्त्यावर आली, २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं, पण तालुक्याच्या गावात ती आजही रोज दिसते, आणि स्वतःच्या हाताने पहिलं इंजिन खोलणाऱ्याला याहून सोपं इंजिन मिळणार नाही. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७२ मिमी, ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. पायऱ्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना याच लागू होतात. आकडे मात्र आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

खोलण्याआधी: रिंगच गेल्यात ना?

निळा धूर दिसला की रिंग गेल्या, असं लगेच ठरवू नका. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू करताना भपकन धूर येतो आणि मिनिटाभरात थांबतो, किंवा सिग्नलला बराच वेळ उभं राहून निघताना येतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा व्हॉल्व्ह सीलचा असतो. ते काम हेडपुरतं आहे, त्यासाठी पिस्टन बाहेर काढायची गरज नसते. याउलट चढावर, भार असताना, ऍक्सिलरेटर दाबून धरला असताना सतत धूर येतो, ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर आतून फुसफुस वाफ येते, पिकअप पडलेला असतो, तेव्हा संशय रिंगवर घ्यायचा.

खात्री कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारा गेज, करून देतो. इंजिन गरम करा, तिन्ही प्लग काढा, इग्निशन तोडा, ऍक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला एक माणूस बसवा आणि प्रत्येक सिलिंडरचं माप कागदावर लिहा. मग ज्याचं माप कमी आलं त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा लक्षात येण्याइतका वाढला, तर गळती रिंगमधून होती, कारण त्या तेलाने तात्पुरती फट बुजली. आकडा हललाच नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट बघा. हा कागद जपून ठेवा, काम झाल्यावर लागेल.

आणखी एक गोष्ट याच वेळी तपासायची. रिंग इतक्या लवकर का झिजल्या? आपल्याकडे मुरमाच्या रस्त्यांची धूळ, ऊसाच्या हंगामात उडणारा फुफाटा, आणि त्यात एअर फिल्टरच्या नळीची क्लिप सैल किंवा नळीला चीर. फिल्टर नवा असूनही धूळ बाजूने सरळ आत जाते आणि सिलिंडरमध्ये पॉलिश पेपरचं काम करते. नळीला आतून बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर आधी ती वाट बंद करा, नाहीतर नव्या रिंगही त्याच वाटेने जातील.

रिंगचं काम नेमकं काय

तीन रिंग, तिघींची कामं वेगळी. वरची टॉप रिंग जळणाऱ्या वायूचा दाब अडवते. त्याचबरोबर पिस्टनची उष्णता सिलिंडरच्या भिंतीला पोचवते, हे दुसरं काम बरेच जण विसरतात. मधली सेकंड रिंग थोडा दाब अडवते, पण तिचं मोठं काम भिंतीवरचं ऑइल खाली खरवडत नेण्याचं. खालची ऑइल रिंग तीन तुकड्यांची असते: मध्ये नागमोडी एक्सपांडर आणि त्याच्या वर-खाली दोन पातळ पट्ट्या.

रिंग भिंतीला दाबून धरते ती केवळ स्वतःच्या ताणाने नाही. ज्वलनाचा वायू टॉप रिंगच्या वरून खाचेत शिरतो, रिंगच्या मागे जातो आणि तिला बाहेर ढकलतो. इंजिनवर भार जितका जास्त, तितकी रिंग घट्ट. ही गोष्ट डोक्यात ठेवा, गाडी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या तासात हिचाच उपयोग आहे.

सिलिंडर आधी, रिंग नंतर

नवी रिंग जुन्या, वाकड्या भोकात बसत नाही. ऑइल घातलं की सगळं गुळगुळीत दिसतं, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. डायल बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर तीन उंचीवर मोजा: वर जिथे टॉप रिंग थांबते तिथे, मध्ये आणि खाली. प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी, एकदा क्रँकच्या रेषेत आणि एकदा तिला आडवं. म्हणजे सिलिंडरमागे सहा आकडे, तीन सिलिंडरचे अठरा. वर-खालच्या मापातला फरक म्हणजे टेपर, एकाच उंचीवरच्या दोन दिशांमधला फरक म्हणजे अंडाकृतीपणा. यांतला कुठलाही ०.१० मिमीच्या आसपास गेला, की नुसत्या रिंग बदलण्याचा विचार सोडा आणि बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घाला.

ही मर्यादा इतकी कडक का, ते हिशेबाने बघू. बोअर वरच्या भागात ०.१० मिमीने जास्त असेल, तर तिथला परीघ साधारण ०.३१ मिमीने वाढतो. रिंग वर जाताना तिचं तोंड तेवढं उघडतं, खाली येताना तेवढं मिटतं. चार हजार आरपीएमला हे उघडमीट मिनिटाला चार हजार वेळा होतं. नवी रिंग त्या श्रमानेच थकते, आणि खाचेत सतत आतबाहेर होऊन पिस्टनची खाचही खाते.

सिलिंडरच्या तोंडाशी नख लावून बघा. टॉप रिंग जिथपर्यंत पोचते त्याच्या वर न झिजलेली एक कड राहते. नख तिथे अडतं. जुन्या रिंगची धार त्या कडेबरोबर झिजून गोल झालेली असते, म्हणून ती आदळत नाही. नव्या रिंगचा कोपरा चौकोनी असतो, तो थेट त्या कडेवर आदळतो आणि रिंग तरी तुटते किंवा दोन खाचांमधली पिस्टनची भिंत तरी. कड थोडी असेल तर रिज रीमरने काढता येते. ती काढल्याशिवाय पिस्टन वरून बाहेरही ओढू नका. पण नख चांगलंच अडत असेल, तर तो सिलिंडर बोअरच मागतोय, असं समजा.

बोअर करायचा ठरला तर नवे पिस्टन ब्लॉकबरोबरच मशिनवाल्याकडे द्या. पाकिटावर ०.२५ किंवा ०.५० लिहिलं आहे म्हणून त्या आकड्याने बोअर करून घेऊ नका. प्रत्येक पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे खालचा घेर, पिस्टन पिनच्या आडव्या दिशेने मायक्रोमीटरने मोजायचा आणि त्यात मॅन्युअलने दिलेला क्लिअरन्स मिळवून त्या-त्या सिलिंडरचं माप ठरवायचं. चांगला मशिनवाला हे स्वतःहून विचारतो. जो विचारत नाही, त्याच्याकडून ब्लॉक परत आणलेला बरा.

एक जुगाड मात्र कृपा करून करू नका. सिलिंडर थोडा झिजलाय म्हणून ०.२५ ओव्हरसाइजच्या रिंग आणून, त्यांची तोंडं कानसून स्टँडर्ड बोअरमध्ये बसवायच्या. रिंग ज्या व्यासासाठी बनवलेली असते त्या व्यासातच ती पूर्ण गोल होते. लहान भोकात दाबली की काही ठिकाणी टेकते, काही ठिकाणी सुटते. विश्वास बसत नसेल तर तशी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवा, खालून टॉर्च लावा आणि वरून बघा. काळ्या कडेला चंद्रकोरीसारखी उजेडाची फट दिसेल. योग्य रिंगला तोंडाच्या गॅपशिवाय कुठेही उजेड दिसत नाही.

आता होनिंग, म्हणजे होन हे घासायच्या दगडांचं हत्यार ड्रिलला लावून सिलिंडरची भिंत आतून घासणं. भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल तर ऑइल टिकत नाही आणि नवी रिंग घासून बसत नाही. हव्या असतात एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघा. त्यांच्यातला कोन साधारण ४५ ते ६० अंश येईल अशा बेताने होन वर-खाली हलवायचा. ड्रिलचा वेग कमी आणि हाताची हालचाल जलद. वेग जास्त झाला की रेघा आडव्या होतात, हात जलद झाला की उभ्या, आणि दोन्हींत ऑइल हवं तसं राहत नाही. होनिंगचं तेल भरपूर लावा. होन फिरत असतानाच बाहेर काढा, आत थांबवलात तर उभा ओरखडा उठतो. साध्या बिडाच्या किंवा क्रोमच्या रिंगला २२० ते २८० ग्रिट ठीक. मॉलिब्डेनमचा थर असलेल्या रिंगला त्याहून बारीक लागतं, पाकिटावरची सूचना वाचा. काही नव्या इंजिनांत अॅल्युमिनियमच्या सिलिंडरवर खास कठीण थर असतो, त्याला साधा होन लावायचा नाही.

होनिंगनंतरच्या धुण्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण इथेच सगळ्यात जास्त इंजिनं बिघडतात. पेट्रोल किंवा डिझेलने धुतलं की भिंत स्वच्छ दिसते, पण दगडाची बारीक पूड त्या रेघांमध्येच बसून राहते. ती काढायला गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ताठ ब्रश लागतो. घासा, पाणी ओता, पुन्हा घासा. मग पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं इंजिन ऑइल घेऊन भिंत पुसा. फडकं करडं आलं तर पुन्हा साबण. माझ्याकडे साधारण तिसऱ्या-चौथ्या वेळी फडकं पांढरं येतं. पांढरं आलं की लगेच भिंतीला ऑइलचा हात फिरवा. पावसाळ्यात उघडं बीड पंधरा मिनिटांत तांबूस व्हायला लागतं, चहाला गेलात तरी परत येईपर्यंत गंज दिसतो. हे धुणं क्रँक आणि बेअरिंग बाहेर असतानाच करायचं, आणि ऑइलची भोकंही त्याच पाण्याने, बारीक ब्रशने साफ करायची.

पिस्टनच्या खाचा

पिस्टन जुनेच वापरायचे असतील तर खाचा साफ करा. जुनी रिंग मोडून तिचं टोक सरळ घासून घेतलं की खाच खरवडायला चांगलं हत्यार होतं, पण हात हलका हवा. कार्बन निघाला पाहिजे, अॅल्युमिनियम नाही. ऑइल रिंगच्या खाचेच्या मागे बारीक भोकं असतात, त्यातून खरवडलेलं ऑइल पिस्टनच्या आत उतरतं. ती बुजलेली असली तर नवी ऑइल रिंगही धूर थांबवू शकत नाही. योग्य जाडीची तार घालून एकेक मोकळं करा.

मग नवी रिंग बाहेरून खाचेत धरून पिस्टनभोवती फिरवा. ती कुठेही न अडकता फिरली पाहिजे. रिंग आणि खाचेच्या बाजूमधली फट फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, बघा. टॉप रिंगला साधारण ०.०३ ते ०.०७ मिमी चांगली. ०.१२ मिमीचं पातं आत जात असेल तर तो पिस्टन बाद, कारण रिंग त्यात वर-खाली आपटत राहील.

गॅप: सगळा जीव इथे आहे

रिंगच्या दोन टोकांत फट ठेवतात, कारण गरम झाल्यावर रिंग लांबते. किती लांबते हे एकदा स्वतः काढून बघितलं की पुन्हा कधी अंदाजाने रिंग बसवावीशी वाटत नाही. ६८.५ मिमी बोअरच्या रिंगचा परीघ साधारण २१५ मिमी. चालू इंजिनात टॉप रिंग सिलिंडरच्या भिंतीपेक्षा १०० अंशांनी जास्त तापली असं धरू. बीड दर अंशाला मीटरमागे साधारण ०.०११ मिमी वाढतं. म्हणजे रिंग भिंतीपेक्षा जवळपास ०.२४ मिमी जास्त लांबणार. तेवढी फट नसेल तर टोकं एकमेकांना टेकतात, रिंगला बाहेर फुगण्याशिवाय वाट उरत नाही, ती भिंतीत रुतते, ओरखडे उठतात, आणि शेवटी रिंग किंवा पिस्टनची भिंत तुटते.

गॅरेजात चालणारा ठोकताळा आहे, एक इंच बोअरला चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ६८.५ मिमी म्हणजे २.७ इंच, त्याला साधारण अकरा थाऊ, म्हणजे ०.२७ मिमी. वरचा हिशेब आणि हा ठोकताळा जवळजवळ एकाच जागी येतात, ते उगीच नाही. हा आकडा साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाचा. टर्बो असेल तर उष्णता वाढते आणि गॅपही वाढवावा लागतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये किमान-कमाल दिलेलं असतं, अंतिम शब्द त्याचा. थोडा जास्त गॅप इंजिन सहन करतं, कमी गॅप करत नाही. शंका आली तर किंचित जास्तीच्या बाजूला राहा.

मोजायची पद्धत. रिंग पिस्टनवर न चढवता नुसतीच सिलिंडरमध्ये घाला. हाताने घातली की ती तिरकी बसते आणि तिरकी रिंग खोटं माप देते. म्हणून पिस्टन उलटा धरून त्याच्या माथ्याने रिंग सरळ साधारण २५ मिमी खाली ढकला. मग फिलर गेजचं पातं टोकांमध्ये सरकवा. पातं किंचित घासत जायला हवं. ढिलं गेलं तर पुढचं पातं, अडलं तर मागचं. नुकत्याच बोअर केलेल्या सिलिंडरमध्ये एका जागचं माप पुरतं. बोअर न करता फक्त होन केला असेल तर रिंग खालपर्यंत नेऊन तिथेही मोजा. खालचा भाग कमी झिजलेला म्हणजे अरुंद असतो, आणि किमान गॅप तिथे राहिलाच पाहिजे.

कमी निघाला तर कानसायचा. रिंग फायलर असेल तर उत्तम. नसेल तर बारीक कानस व्हाइसमध्ये उभी पकडा आणि रिंग तिच्यावर फिरवा, कानस रिंगवर नव्हे. एकच टोक घासायचं, म्हणजे दुसरं टोक सरळ असल्याचा भरवसा राहतो. दिशा कायम बाहेरच्या कडेकडून आतल्या कडेकडे. उलट घासलं की क्रोम किंवा मॉलिब्डेनमचा थर कडेला टवका होऊन उडतो. दोन-तीन हात मारा, मोजा, पुन्हा दोन हात. ०.०५ मिमी कमी करायला किती कमी घासावं लागतं हे पहिल्या रिंगला कळतं, आणि जास्त घासलेली रिंग परत वाढत नाही. शेवटी टोकाच्या कडांवरची बारीक बूर तेलकट दगडाने काढा. नखाला लागली तर ती भिंतीलाही लागणार.

सेकंड रिंगचा गॅप बऱ्याच इंजिनांत टॉपएवढा किंवा थोडा जास्त ठेवतात, म्हणजे दोन रिंगच्या मध्ये अडकलेला दाब खाली निघून जातो आणि टॉप रिंगला तिच्या जागेवरून उचलत नाही. ऑइल रिंगच्या पट्ट्यांचा गॅप बराच मोठा चालतो. तोही मोजा, पण सहसा कानसावा लागत नाही.

एका सिलिंडरमध्ये मोजलेली रिंग त्याच सिलिंडरची. मी तीन जुन्या ताटल्या ठेवतो, १, २, ३ असं रंगाने लिहिलेल्या. रिंग, पिस्टन, कनेक्टिंग (पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड), त्याची कॅप, नट, सगळं आपापल्या ताटलीत.

कोणती बाजू वर

उमेदवारीच्या काळात एका मास्तरांची ८०० माझ्या हातून बांधली गेली. सगळं मोजून केलं होतं, गॅप बरोबर होता. पंधरा दिवसांनी गाडी परत आली, मागे निळा धूर. कॉम्प्रेशन काढलं तर तिन्ही सिलिंडर उत्तम. आमचे मिस्त्री गेजकडे बघून काही बोलले नाहीत, त्यांनी पिस्टन बाहेर काढायला सांगितलं. तिन्ही पिस्टनवर सेकंड रिंग उलटी होती. पाकिटातून काढून मी रिंग पुसल्या होत्या, आणि पुसताना त्यावरचं अक्षर बघितलंच नव्हतं. मास्तरांना खरं कारण सांगितलं आणि गॅस्केट सेटचे पैसे माझ्या पगारातून दिले.

कॉम्प्रेशन उत्तम आणि तरी धूर, हे असं का होतं? सेकंड रिंगचा बाहेरचा चेहरा सहसा किंचित उतरता असतो, खालची कड भिंतीला टेकते आणि वरची कड जराशी आत. पिस्टन खाली जाताना ती कड ऑइल खरवडून खाली नेते आणि वर येताना ऑइलवरून घसरते. उलटी बसवली की हेच काम उलटं होतं: वर जाताना खरवडून ऑइल ज्वलनाच्या जागेत नेते. दाब मात्र ती तशीही अडवते, म्हणून गेज काहीच सांगत नाही.

म्हणून प्रत्येक रिंग उजेडात तिरकी धरून खूण शोधा. टोकाजवळ आर, एन, टी अशी अक्षरं, टॉप हा शब्द किंवा नुसता ठिपका असतो. ती बाजू वर, पिस्टनच्या माथ्याकडे. दोन रिंगवर वेगळी अक्षरं असतील तर कुठली टॉप आणि कुठली सेकंड हे पाकिटातल्या चित्रावरून ठरवा. खूण मिळालीच नाही, तर कडा बघा. बाहेरच्या कडेला खालून आकड्यासारखी खाच असेल तर ती खाच खाली, ती रिंग सेकंड. टॉप रिंगच्या आतल्या कडेला उतार असेल तर तो उतार सहसा वर. सेकंड रिंगच्या आतल्या उताराची दिशा बनावटीप्रमाणे बदलते, तिथे चित्राशिवाय पुढे जाऊ नका.

पिस्टनवर चढवणं

खालून सुरुवात. आधी ऑइल रिंगचा एक्सपांडर खाचेत घाला. त्याची दोन टोकं समोरासमोर टेकली पाहिजेत, एकावर एक चढता कामा नयेत. बऱ्याच सेटमध्ये टोकांना रंग असतो आणि दोन्ही रंग दिसले तरच ते बरोबर बसलं. मग पातळ पट्ट्या. यांना हत्यार लावू नका. एक टोक खाचेत धरा, अंगठ्याने दाबून ठेवा आणि उरलेली पट्टी पिस्टनभोवती गुंडाळत न्या. दोन्ही पट्ट्या बसल्या की पूर्ण ऑइल रिंग बोटांनी फिरवून बघा. घट्ट वाटेल, पण फिरली पाहिजे. एक्सपांडर अजून समोरासमोरच आहे ना, तेही पुन्हा बघा.

सेकंड आणि टॉप रिंगसाठी रिंग एक्सपांडर वापरा, दोनशे-तीनशे रुपयांचं हत्यार आहे. पट्टीसारख्या या रिंगही गुंडाळून चढवणारे हात मी खूप बघितलेत. तशी चढवलेली रिंग पिळली जाते, आणि तो पीळ पुढे खाचेत तसाच राहतो. पिस्टनवरून जेमतेम सरकेल इतकीच उघडा. आधी सेकंड, मग टॉप.

आता तोंडं फिरवायची. टॉप आणि सेकंडचे गॅप एकमेकांच्या विरुद्ध, १८० अंशांवर. ऑइल रिंगच्या दोन पट्ट्यांची तोंडं एक्सपांडरच्या जोडापासून दोन बाजूंना, सुमारे ४५ अंशांवर. कुठलंही तोंड पिनच्या टोकासमोर किंवा पिस्टन भिंतीला जास्त रेटतो त्या बाजूला नको. मॅन्युअलमध्ये चित्र असेल तर तेच पाळा. चालू इंजिनात रिंग हळूहळू फिरतात, हे खरं. तरीही पहिल्या सुरुवातीला सगळी तोंडं एका रेषेत असतील तर दाब आणि ऑइल दोघांनाही सरळ वाट मिळते, म्हणून हे दोन मिनिटांचं काम टाळू नका.

सिलिंडरमध्ये घालणं

ज्या सिलिंडरचं काम, त्याची क्रँकपिन खाली आणा. कनेक्टिंगच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, नाहीतर बोल्टचे आटे क्रँकपिनला ओरखडा काढतात. नवीन बेअरिंग शेल बसवून त्याला ऑइल लावा. भिंतीला, स्कर्टला, रिंगना आणि रिंग कॉम्प्रेसरच्या आतून स्वच्छ इंजिन ऑइलचा हात. ग्रीस नको, बाटलीतली औषधं नकोत.

पिस्टनच्या माथ्यावरचा बाण क्रँक पुलीच्या बाजूला. तो बघा, ताटलीचा नंबर बघा, मगच कॉम्प्रेसर आवळा. आवळताना तो पिस्टनभोवती थोडा मागे-पुढे हलवा म्हणजे रिंग खाचेत नीट दबतात. कॉम्प्रेसरची खालची कड ब्लॉकच्या पृष्ठभागावर सगळीकडे सपाट टेकली पाहिजे. जिथे ती कड उचललेली असते तिथेच रिंग निसटते.

हातोड्याच्या लाकडी दांड्याने माथ्यावर हलके ठोके द्या. पिस्टन प्रत्येक ठोक्याला थोडा-थोडा, एकाच लयीत उतरतो. ठोक्याचा आवाज बदलला, किंवा पिस्टन जागीच राहिला, तर हात तिथेच थांबवा. एक रिंग, बहुधा ऑइल रिंगची पट्टी, बाहेर येऊन ब्लॉकच्या कडेवर बसली आहे. पुढचा ठोका तिला मोडणार. पिस्टन बाहेर काढा, रिंग तपासा, वाकली असेल तर बदला, पुन्हा सुरुवात करा. असं पुन्हा सुरू करण्यात दहा मिनिटं जातात.

पिस्टन आत गेला की खालून कनेक्टिंग क्रँकपिनवर सरळ बसवत न्या. कॅप त्याच नंबरची, त्याच दिशेची, टॉर्क रेंच मॅन्युअलच्या आकड्यावर. प्रत्येक पिस्टननंतर क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. नव्या रिंगचा जडपणा सगळीकडे सारखा जाणवला पाहिजे. एखाद्या जागी अडलं, खर्र वाजलं, तर तो पिस्टन आत्ताच बाहेर काढा, हेड बसवल्यानंतर नव्हे.

सुरू करणं आणि पहिले पाचशे किलोमीटर

सगळं जोडून झालं, साधं मिनरल ऑइल आणि नवा फिल्टर घातला, की प्लग न लावता आणि इग्निशन तोडून स्टार्टर फिरवा. ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत, मध्ये मध्ये स्टार्टरला विश्रांती देत. मग प्लग लावा आणि सुरू करा. थोडा धूर सुरुवातीला येईल, तो जोडताना लावलेल्या ऑइलचा. गळती बघा, पाणी बघा, तापमान स्थिर झालं की गाडी रस्त्यावर काढा.

आपल्याकडे इंजिन बांधलं की ते रात्रभर स्लोवर चालू ठेवायची रीत आहे. मी ती पूर्ण सोडली आहे. वर सांगितलं तसं, रिंगला भिंतीवर दाबतो तो ज्वलनाचा दाब, आणि स्लोवर तो फारच कमी असतो. रिंग धड घासत नाही, भिंतीवर ऑइलचा जळका, गुळगुळीत थर चढतो आणि होनिंगच्या रेघा बुजतात. मग ती रिंग कधीच बसत नाही. त्याऐवजी मोकळा रस्ता निवडा. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ऍक्सिलरेटर अर्ध्यापर्यंत दाबून वेग वाढवा, मग पाय काढून गिअरमध्येच गाडी मंद होऊ द्या. भाराने रिंग भिंतीला दाबली जाते, पाय काढल्यावर सिलिंडरमधल्या ओढीने थोडं ऑइल वर येऊन भिंत धुतं आणि थंड करतं. असं पंधरा-वीस वेळा. इंजिन पूर्ण ताणू नका आणि एकाच वेगाने तासभरही चालवू नका. फोंडा किंवा अंबा घाट पहिल्या दिवशी भरल्या गाडीने चढायचा नाही.

पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला. काढलेलं ऑइल पसरट भांड्यात उन्हात धरून बघा. अगदी बारीक करडी चमक असते ती रिंग आणि भिंतीची, ती चालते. बोटाला कण लागले तर इंजिनखालचं ऑइलचं भांडं (ऑइल संप) उघडून कारण शोधा. पुढे हजार किलोमीटरपर्यंत आठवड्यातून एकदा, सपाट जागी, गार इंजिनावर डिपस्टिक बघून आकडा लिहा. सुरुवातीला ऑइल थोडं उतरेल आणि मग उतरायचं थांबेल. तेव्हा पुन्हा कॉम्प्रेशन गेज लावा आणि खोलण्याआधीचा तो कागद शेजारी ठेवा. तिन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ, गेजवर किलोभराच्या (दर चौरस सेंटिमीटरला एक किलो) फरकाच्या आत आले पाहिजेत. त्याच कागदावर खाली नवे आकडे, तारीख आणि किलोमीटर लिहून तो गाडीच्या पुस्तकात ठेवून द्या. पुढचं इंजिन कोणीही उघडो, त्याला तो लागेल.